ट्रॅकरवर थांबलेली होडी

रेस टू अलास्का या होड्यांच्या शर्यतीचा ट्रॅकर, म्हणजे कुठली होडी कुठे आहे ते दाखवणारा नकाशा, पहिल्यांदा उघडला की सगळ्यांना एकच प्रश्न पडतो. पहिल्या नंबरची होडी चार तास एकाच जागी का उभी आहे? बंद पडली की काय? मागच्या होड्या पुढे सरकतायत आणि ही आपली बेटाच्या आडोशाला निवांत. तर ती बंद पडलेली नाही. बहुतेक वेळा ती त्या क्षणी शर्यतीतलं सगळ्यात शहाणपणाचं काम करत असते, म्हणजे नांगर टाकून झोपलेली असते. असं का, हे समजलं की ट्रॅकर बघायला खरी मजा येते. सोलापुरात बसून ही शर्यत बघायची तर सुरुवात इथूनच करावी.

आधी शर्यत काय आहे ते उरकून घेऊ. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या पोर्ट टाउनसेंडहून निघायचं आणि अलास्कातल्या केचिकनला पोचायचं. अंतर ७५० मैल, म्हणजे साधारण बाराशे किलोमीटर. सोलापूर ते मुंबई तीन वेळा जाण्याइतकं. पहिली शर्यत २०१५ साली झाली, कोरोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये झाली नाही. मुख्य नियम एका वाक्यात मावतो: होडीवर इंजिन नको. शीड लावा, वल्ही मारा, पायडल मारा, काहीही करा. वाटेत आधीपासून ठरवून ठेवलेली मदत घ्यायची नाही. गावातल्या दुकानातून कोणालाही मिळू शकेल अशी वस्तू मात्र विकत घेता येते. पहिलं बक्षीस रोख दहा हजार डॉलर, दुसरं बक्षीस सुऱ्यांचा संच. तिसऱ्याला काही नाही. बक्षिसाच्या रकमेपेक्षा मोठ्या होडीचा खर्च कित्येक पट असतो, त्यामुळे इथे पैशासाठी कोणी येत नाही हे उघड आहे.

शर्यतीचे टप्पे दोन. पहिला पोर्ट टाउनसेंड ते कॅनडातलं व्हिक्टोरिया, ४० मैल, ३६ तासांच्या आत. हा टप्पा चाळणीसारखा. ज्यांची तयारी कच्ची, ते इथेच गळतात. दुसरा टप्पा व्हिक्टोरिया ते केचिकन, ७१० मैल. पहिला टप्पा जूनमध्ये तिथल्या पहाटे पाचला सुटतो, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. तिकडचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा १२ तास ३० मिनिटं मागे असतं. दुसरा टप्पा व्हिक्टोरियात दुपारी बाराला सुटतो, आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. तेव्हा शर्यतीतले लोक धक्क्यावरून पळत जाऊन होड्यांत उड्या मारतात आणि बंदरातून बाहेर पडेपर्यंत वल्ही आणि पायडलवरच असतात. जागायचं तर त्या रात्री जागा.

आता मूळ मुद्दा, पाणी. आपल्याला पाण्याची पातळी म्हणजे उजनी धरण. उजनी वर्षातून एकदा भरते, तीही भरली तर. जूनच्या मध्याला आपण रोज सकाळी पेपरात उजनी किती टक्के, अजून उणेच आहे का, हे बघत असतो. तिकडे त्याच आठवड्यात समुद्र दिवसातून दोनदा भरतो आणि दोनदा उतरतो. त्यातही दोन भरत्या सारख्या नसतात, एक मोठी आणि एक छोटी; जून आणि डिसेंबरात हा फरक सगळ्यात जास्त. मोकळ्या किनाऱ्यावर पाणी नुसतं वर-खाली होतं. पण या वाटेवर व्हँकुव्हर बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये शेकडो छोटी बेटं आहेत आणि त्यांच्यामधून अरुंद खाड्या. भरतीचं सगळं पाणी त्या खाड्यांतून आत शिरतं आणि सहा तासांनी तिथूनच बाहेर पडतं. म्हणजे इथे पाणी नदीसारखं वाहतं, फक्त ही नदी दिवसातून चार वेळा दिशा बदलते.

अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. आपल्याला कॅलेंडर बघून कळेल. शर्यत वटपौर्णिमेच्या आसपास येत असेल तर प्रवाह जोरात असणार, ही खूणगाठ बांधून ठेवा.

या प्रवाहाचं सगळ्यात अवघड दार म्हणजे सिमोर नॅरोज. कॅम्पबेल रिव्हर गावाच्या थोडं उत्तरेला, पाऊण किलोमीटर रुंदीची चिंचोळी वाट. उधाणाला इथला प्रवाह १५-१६ नॉटपर्यंत जातो. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १.८५ किलोमीटर; म्हणजे पाणी तासाला जवळपास तीस किलोमीटरने धावतं. या वाटेच्या मधोमध पूर्वी रिपल रॉक नावाचा दोन शिखरांचा खडक पाण्याखाली दबा धरून होता. त्याने अनेक जहाजं बुडवली. शेवटी शेजारच्या बेटावरून समुद्राच्या तळाखालून बोगदा खणून, खडकाच्या पोटात तेराशे टनांच्या आसपास स्फोटकं भरून ५ एप्रिल १९५८ रोजी तो उडवला. खडक गेला. प्रवाह आणि भोवरे आहेत तिथेच आहेत.

सिमोरचं गणित असं. इथे भरतीचं पाणी उत्तरेकडून दक्षिणेला येतं, ओहोटीचं दक्षिणेकडून उत्तरेला जातं. अलास्काला जाणाऱ्याला ओहोटी हवी. मजा अशी की याच्या आधीच्या जॉर्जिया सामुद्रधुनीत उलटं आहे. तिथे भरतीचं पाणी उत्तरेला नेतं. दोन भरत्या कॅम्पबेल रिव्हरच्या आसपास समोरासमोर येतात. त्यामुळे हुशार होडी भरतीवर स्वार होऊन तिथपर्यंत येते, भरती संपायची वाट बघते, पाणी काही मिनिटं स्तब्ध होतं तेव्हा दारात शिरते आणि ओहोटी सुरू होताच तिच्याबरोबर पलीकडे निघून जाते. लवकर पोचलात तर समोरून पाणी. पायडल मारून अडीच-तीन नॉटने जाणारी होडी सात नॉटच्या प्रवाहासमोर काय करणार? उलटीच जाते. उशिरा पोचलात तर पाणी पाठीशी असतं, पण भोवरे आणि उकळ्या सुरू झालेल्या असतात.

किती उशीर म्हणजे उशीर? स्तब्ध पाण्यानंतर पहिल्या तासात प्रवाह त्या दिवसाच्या कमाल वेगाच्या निम्म्यावर पोचतो, दुसऱ्या तासाला नव्वद टक्क्यांच्या जवळ. कमाल १४ नॉट असेल तर एका तासाच्या चुकीची किंमत ७ नॉट. ही एका तासाची चूक कशी होते ते सांगतो, कारण ती फार साधी आहे. प्रवाहाचा तक्ता प्रमाण वेळेत असतो आणि मनगटावरचं घड्याळ उन्हाळी वेळेत. एक तास मिळवायचा राहून जातो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे भरतीच्या उंचीचा तक्ता बघून प्रवाहाची वेळ काढणे. पाणी सगळ्यात उंच असतं तेव्हा ते थांबलेलं असतंच असं नाही. उंचीचा तक्ता वेगळा, प्रवाहाचा वेगळा. सिमोरसाठी प्रवाहाचाच बघायचा.

२०२२ पासून सिमोरमधून जाण्याची सक्ती काढून टाकली. आता व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, खुल्या पॅसिफिकमधूनही जाता येतं. मोठ्या, वेगवान होड्यांना तो मार्ग मोकळा वाटतो. छोट्यांसाठी आतलाच बरा, आणि बघणाऱ्यांसाठी तर आतलाच, असं माझं मत.

सिमोर पार झालं की जॉन्स्टन सामुद्रधुनी. शंभर किलोमीटरहून लांब, दोन्ही बाजूंना जंगलाचे डोंगर, पाणी काळंभोर आणि खोल. फोटोत ही जागा इतकी सुंदर दिसते की इथे लोकांची कंबर मोडते हे पटत नाही. उन्हाळ्यात पॅसिफिकवर हवेचा उच्च दाब बसलेला असतो, त्यामुळे वारा वायव्येकडून येतो, म्हणजे बरोबर नाकावर. दुपारनंतर तो या नळीत घुसून २५-३० नॉट होतो. शिडाच्या होडीला वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही. साधारण ४५ अंशांचा कोन धरून डावीकडे, मग उजवीकडे, असं नागमोडी जावं लागतं. होडी पाण्यातून ५ नॉटने धावत असली तरी वाऱ्याच्या दिशेने खरी प्रगती साडेतीन नॉट. आता प्रवाह ३ नॉट पाठीशी असेल तर तुम्ही साडेसहाने पुढे जाता. तोच प्रवाह समोरून आला तर अर्ध्या नॉटने. सहा तास थंडीत भिजून, शिडं ओढून, हात सोलून मिळवायचे काय, तर तीन मैल! त्यापेक्षा नांगर टाका, गरम काहीतरी खा, पाच तास झोपा. ट्रॅकरवर थांबलेल्या होडीचं कोडं ते हेच.

मग पाठीशी प्रवाह असताना सगळं गोड असतं का? नाही. ओहोटी वायव्येला जाते, वारा वायव्येकडून येतो. वारा आणि पाणी एकमेकांवर आपटले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. उंची फार नसते, पण दोन लाटांमधलं अंतर इतकं कमी की होडी एकीवरून उतरते ती थेट दुसरीच्या पोटात. यावर उपाय एकच: वारा पडलेला असतो तेव्हा जायचं, म्हणजे रात्री आणि पहाटे, आणि तेव्हाच ओहोटी असेल असा दिवस जुळवायचा. नाही जुळला तर शीड आखूड करायचं, त्याला रीफ घेणे म्हणतात. रीफ घ्यावा का असा विचार मनात आला की त्याच क्षणी घ्यायचा. दहा मिनिटांनी तो घेणं दुप्पट अवघड झालेलं असतं.

गंमत म्हणजे वाईट हवा इथे चांगली. कमी दाबाचा पट्टा आला की आग्नेयेचा वारा सुटतो, आभाळ खाली येतं, पाऊस लागतो, आणि वारा थेट पाठीमागून अलास्काकडे ढकलतो. पर्यटक ज्या दिवशी केबिनमध्ये बसून राहतो, त्या दिवशी शर्यतवाले खूश असतात.

नांगर टाकायचा म्हणजे दगड बांधून दोर सोडला, असं नाही. जॉन्स्टनचे काठ सरळ खोल जातात, नांगर धरेल अशा जागा थोड्या. समजा ओहोटीला ६ मीटर खोलीची जागा मिळाली. भरतीला तिथे पाणी ५ मीटर चढणार, म्हणजे ११. होडीचं टोक पाण्यापासून १ मीटर वर, म्हणजे १२. दोर या उंचीच्या किमान पाचपट सोडायचा, म्हणजे ६० मीटर. शिवाय नांगराजवळ काही मीटर जाड साखळी, ती नांगराचा दांडा तळाशी आडवा ठेवते. ओहोटीच्या वेळची ६ मीटर खोली बघून ३५ मीटर दोर सोडला तर भरतीला दोर उभा होतो, नांगर उपटतो आणि होडी झोपलेल्या माणसांसकट वाहत निघते. ट्रॅकरवर रात्री एखादी होडी तासाला एक मैलाने, वाकडीतिकडी, जंगलाकडे सरकताना दिसली तर बहुधा हेच झालेलं असतं. उलटी चूकही होते: भरतीला काठाजवळ नांगर टाकला आणि ओहोटीला होडी चिखलात आडवी. खोली मोजताना आत्ता किती ते दुय्यम. सगळ्यात कमी किती होणार आणि सगळ्यात जास्त किती, हे दोन आकडे हवेत.

वारा नसताना काय? जूनमध्ये जॉर्जिया सामुद्रधुनी कित्येकदा आरशासारखी असते. तेव्हा माणसाचे पाय. बऱ्याच होड्यांच्या मागच्या कडेला सायकलची फ्रेम बसवलेली असते, चेन आणि काटकोनी गिअरमधून फिरणारा दांडा, टोकाला मोठा सावकाश फिरणारा पंखा. माणूस तासन्‌तास टिकवू शकेल अशी ताकद शंभर वॉटच्या आसपास, म्हणजे एका जुन्या पिवळ्या बल्बएवढी. तेवढ्यात पंचवीस-तीस फुटांची होडी अडीच-तीन नॉटने जाते. कमी वाटतं, पण बाकीचे जागेवर डुलत असताना रात्रभरात तीस मैल म्हणजे पुष्कळ. २०१८ ची शर्यत ‘सेल लाइक अ गर्ल’ या फक्त महिलांच्या टीमने जिंकली. मेल्जेस ३२ ही एकाच धडाची होडी, वेळ साडेसहा दिवसांच्या थोडा वर. बाकीच्या होड्या वाऱ्याची वाट बघत असताना पायडल मारत राहणं किती फायद्याचं ठरतं, हे त्या वर्षी दिसलं. त्याआधीचे विजेते दोन किंवा तीन धडांच्या हलक्या होड्यांचे होते. २०१६ चा विक्रम एम ३२ या कॅटमरानचा, म्हणजे दोन धडांच्या होडीचा, ३ दिवस २० तास १३ मिनिटं.

या पायडल यंत्राचे आजार आपल्या सायकलवाल्याला विचारले तरी तो सांगेल. खाऱ्या पाण्याने चेन दोन दिवसांत लाल होते. रोज पुसून तेल द्यायचं, जोडकडी आणि चेन तोडायचं हत्यार खिशात. पायाचे फेरे मिनिटाला साठ, पंख्याचे लागतात दोनशेच्या वर, त्यामुळे साडेतीन-चार पटीचं गुणोत्तर ठेवतात. जास्त ठेवलं तर गुडघे जातात, कमी ठेवलं तर पाय हवेत मारल्यासारखे फिरतात. तिसरं म्हणजे केल्प. हे समुद्री शेवाळ दोरखंडासारखं असतं आणि पंख्याला गुंडाळलं की यंत्र जाम. म्हणून पंखा वर उचलता आला पाहिजे. शिडावर चालताना तो पाण्यात राहिला तर फुकटचा ब्रेक, म्हणूनही.

आता सोलापूरकरांच्या आवडीचा विषय, कापड. शिडाचं साधं कापड म्हणजे डेक्रॉन, घट्ट विणलेलं पॉलिएस्टर, वर राळेचा थर देऊन कडक केलेलं. ज्याने यंत्रमाग पाहिलाय त्याला यातली खोच लगेच कळेल. हातरुमाल ताण्याच्या दिशेने ओढा, हलत नाही. बाण्याच्या दिशेने ओढा, जवळजवळ हलत नाही. कोपऱ्यातून तिरका ओढा, लगेच वाकडा होतो. शिडावर जोर कोणत्या दिशेने येणार ते बघून पट्टे कापतात, म्हणजे धागा जोराच्या रेषेत राहील. राळ मोडली, कापड मऊ पडलं की तिरका ताण सुरू होतो, शिडाचं पोट मागे सरकतं आणि होडी वाऱ्याकडे तोंड करून जायला कुरकुर करते. कापड फाटलेलं नसतानाही शीड म्हातारं होतं ते असं. महागडी शिडं विणलेली नसतात, पातळ फिल्मच्या दोन थरांत धागे चिकटवलेले असतात. आकार उत्तम धरतात, पण दुमडलं की थर सुटतात.

शीड वाटेत फाटतंच, बहुतेक डोलकाठीच्या आधार-तारांना घासून. दुरुस्तीला चिकटपट्टीचं कापड, मोठी सुई, मेण लावलेला पॉलिएस्टर दोरा. पट्टी न टिकण्याचं कारण जवळजवळ नेहमी मीठ असतं. मिठाचा थर दमट हवेतलं पाणी ओढतो आणि गोंद धरत नाही. आधी गोड्या पाण्याने पुसायचं, मग स्पिरिटने, पूर्ण वाळू द्यायचं, पट्टी दोन्ही बाजूंनी, आणि पट्टीचे कोपरे गोल कापायचे. चौकोनी कोपरा आधी उचलला जातो. वरून नागमोडी टाका. सरळ टाका ताणाखाली तुटतो. नागमोडी थोडा सैलावतो.

कापडाचीच दुसरी बाजू अंगावरच्या कपड्यांची. आपली चादर आणि टॉवेल जगात नाव काढून आहेत, पण दोन्ही सुती, आणि या शर्यतीत सूत नको. सूत पाणी पितं, ओलं झालं की ऊब शून्य, आणि तिथल्या हवेत दोन-दोन दिवस वाळत नाही. आत लोकर किंवा पॉलिएस्टर, वर ड्रायसूट, म्हणजे पाणी आत येऊ न देणारा अंगभर सूट. समुद्राचं पाणी जूनमध्येही १० अंशांच्या आसपास असतं. त्यात पडल्यावर काय होतं, त्याचा तिथे शिकवला जाणारा हिशेब १-१०-१ असा आहे: पहिलं मिनिट श्वास आवरण्याचं, कारण थंडीच्या धक्क्याने दम लागून पाणी नाकातोंडात जातं, मग दहा मिनिटं हातपाय कामाचे, मग साधारण तासाभरात शुद्ध जाते. म्हणून लाइफजॅकेट अंगावरच आणि रात्री कमरेचा पट्टा होडीला अडकवलेला. ड्रायसूटचं दुखणं म्हणजे झिप. शेवटचं अर्धं बोट झिप उघडी राहिली तरी पाय भरतात. घातल्यावर उकिडवं बसून, गळ्याची रबरी पट्टी बोटाने उघडून आतली हवा बाहेर काढायची. मग पट्टी सोडली की सूट अंगाला चिकटून राहिला पाहिजे. हळूहळू फुगला तर कुठेतरी भोक आहे.

खाण्याच्या बाबतीत मात्र सोलापूरने तिकडच्यांना शिकवावं. दिवसाला माणशी चार हजार कॅलरींचा हिशेब धरतात. तीनशे ग्रॅम कडक भाकरी, दीडशे ग्रॅम शेंगाचटणी, शंभर ग्रॅम गूळ, पन्नास ग्रॅम तूप, हे सहाशे ग्रॅम वजनात अडीच हजारांच्या पुढे जातं, आणि चूल पेटवावी लागत नाही. कडक भाकरीचा शत्रू दमट हवा. एका दिवसाची एक अशा हवाबंद पिशव्या करायच्या, एक फोडली की तीच संपवायची. मोठा डबा रोज उघडला तर चौथ्या दिवशी भाकरी चामड्यासारखी होते. चुरा झाला तर बिघडत नाही, गरम आमटीत कुस्करायचीच आहे. पाणी मात्र जास्त लागतं, माणशी दिवसाला चार लिटर धरा. सीमा दोनदा ओलांडायची असल्याने घरचे पदार्थ नेण्याचे नियम आधी बघावेत.

लाकडं हा या पाण्यातला खरा चोर. जंगलतोडीचे ओंडके किनाऱ्यावर अडकून पडतात आणि उधाणाची भरती त्यांना उचलून परत समुद्रात सोडते. म्हणजे प्रवाह सगळ्यात जोरात, त्याच दिवसांत ओंडकेही जास्त. आडवा ओंडका दिसतो तरी. भिजून जड झालेला उभा तरंगतो आणि पाण्यावर टोपीएवढं टोक फक्त. आठ नॉटने जाणारी होडी त्यावर आदळली तर सुकाणू किंवा मधली फळी जाते. म्हणून सुकाणू बिजागरीवर ठेवतात आणि त्याला अडवणारी खीळ मुद्दाम कमकुवत निवडतात. धक्का बसला की खीळ तुटते, पातं वर उचलतं, होडी वाचते. एखाद्याला ती खीळ वारंवार तुटते म्हणून स्टीलची बसवण्याचा मोह होतो. मग खिळीऐवजी सुकाणू तुटतं. दहा लाकडी खिळ्या खिशात ठेवाव्यात.

व्हँकुव्हर बेट संपल्यावर केप कॉशन या भूशिराला पॅसिफिकच्या उघड्या लाटा लागतात, मग पुन्हा आडोसा, आणि बेला बेला हे गाव. इथून जाणं सक्तीचं. त्यापुढे दोन वाटा. बाहेर हेकेट सामुद्रधुनी, उथळ आणि खवळणारी. वारा मिळाला तर एका दिवसात सगळं अंतर मागे. आत ग्रेनव्हिल चॅनल, साधारण ८० किलोमीटरची सरळ चर, काही ठिकाणी अर्ध्या किलोमीटरहूनही अरुंद. तिथे भरती दोन्ही टोकांनी आत येते आणि मध्यावर भेटते. भरतीवर आत शिरायचं आणि मध्यावर पोचताना ओहोटी लागेल असं जमवायचं, की ती पुढच्या टोकातून बाहेर सोडते. जमलं तर दोन्ही वेळा पाणी पाठीशी. चुकलं तर दोन्ही वेळा तोंडावर. बारा तास.

आता ट्रॅकरकडे बघा. पायडलवाल्या छोट्या होडीचा वेग ९ नॉट दिसला तर पायांना पंख फुटलेले नाहीत, प्रवाह आहे. रेघ बेटावरून गेलेली दिसली तर ती दोन नोंदींमधली सरळ रेघ आहे, होडी वळसा घालून गेली. पुढे-मागे करवतीसारखी रेघ म्हणजे समोरून वारा. करवतीचे दात एकमेकांवर बसू लागले म्हणजे समोरून पाणीही, आणि अर्ध्या तासात ती होडी काठाकडे वळेल. थांबलेल्या होड्यांची वेळ लिहून ठेवा. सिमोरच्या दक्षिणेला पाच होड्या दोन तास उभ्या असतील आणि एकदम सगळ्या हलल्या, तर पाणी वळल्याची वेळ तुम्हाला तक्त्याशिवाय कळली.

मागच्या फळीतल्या लोकांवरही लक्ष ठेवा, तिथे पहिल्या फळीपेक्षा कौशल्य जास्त दिसतं. २०१७ मध्ये कार्ल क्रूगरने उभ्याने वल्हवायच्या फळीवर ही शर्यत पूर्ण केली, दोन आठवडे लागले. त्याच्याकडे शीड नव्हतं, म्हणजे पाण्याचं घड्याळ चुकवायची सोयच नव्हती.

केचिकनला धक्क्यावर एक घंटा टांगलेली असते, पोचलेल्याने ती वाजवायची. अलास्काचं घड्याळ आणखी एक तास मागे, आपल्यापेक्षा साडेतेरा तास. तिथे पहाटे दोनला घंटा वाजली तर सोलापुरात दुपारचे साडेतीन झालेले असतात.